हिंदुकुशखाली दोनशे किलोमीटर खोलीवर खडक तुटतो तो कसा?

नोएडाकर यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. मी गेली अकरा वर्षे नोएडा येथे राहते आणि आमचे घर चौदाव्या मजल्यावर आहे. २१ मार्च २०२३ च्या रात्री, सव्वादहाच्या सुमारास, मी ओट्यापाशी उभी राहून कोमट दुधाला विरजण लावत होते, तेव्हा पातेल्यातल्या दुधावर अगदी बारीक थरथर उमटलेली मला दिसली. खालच्या रस्त्यावरून एखादा अवजड ट्रक गेला असावा असे समजून मी झाकणी घ्यायला वळले. त्यानंतर काही वेळ, माझ्या अंदाजाने दीड मिनिट तरी, काहीच जाणवले नाही, आणि मग दिवाणखान्यातला टांगता दिवा झुलू लागला, पंख्याची दांडी हलू लागली आणि पातेल्यातले दूध एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे संथपणे हेलकावे घेऊ लागले. आम्ही जिन्याने खाली उतरलो तोवर सगळी सोसायटी मोकळ्या जागेत जमली होती. नंतर वर येऊन पाहिले, तर भिंतीला तडा नव्हता आणि मांडणीवरची बशीसुद्धा जागची हललेली नव्हती.

माझ्या सासूबाई उमरगा तालुक्यातल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्यांनी स्वतः सोसलेली आहे, त्यामुळे जमीन हलली की त्या रात्री त्या घरात पाऊल ठेवत नाहीत. त्या रात्री बाकावर बसून त्यांनी मला विचारले, "आमच्याकडं डोळा उघडायच्या आत गाव जमीनदोस्त झालं. इथं इतका वेळ हलतंय आणि काहीच पडत नाही, तर हा भूकंप हाय तरी कसला?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी वाचले, की हा भूकंप अफगाणिस्तानातील हिंदुकुश पर्वतरांगेत झाला, त्याची तीव्रता ६.५ होती आणि तो सुमारे १९० किलोमीटर खोलीवर झाला. शाळेत आपण असे शिकलो, की खोल जावे तसे तापमान वाढत जाते आणि तिथला खडक मऊ पडतो. मऊ वस्तू वाकेल, ताणली जाईल, पण ती तुटणार कशी? आणि तुटलीच, तर तिचा धक्का हजार किलोमीटर दूर असलेल्या आमच्या घरापर्यंत पोहोचूनही नुकसान का होत नाही? हिंदुकुशमध्ये असे भूकंप पुन्हा पुन्हा होतात असे ऐकते. त्यामुळे हिमालयातला ताण कमी होतो, असे आमच्या सोसायटीत काही जण खात्रीने सांगतात. ते खरे आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.


प्रावरण यांचे उत्तर:

नोएडाकर ताई, मी महाविद्यालयात अनेक वर्षे भूशास्त्र शिकवले आहे आणि हिंदुकुश हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. "मऊ वस्तू तुटणार कशी" ही आपली शंका रास्त आहे आणि तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

उथळ भूकंपात काय घडते ते आधी पाहू. जमिनीतील प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगेच्या, दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घट्ट दाबून धरलेले असतात. त्यांच्यातील घर्षण त्यांना सरकू देत नाही आणि ताण साचत जातो. तो घर्षणापेक्षा वरचढ झाला, की खडक एका झटक्यात सरकतात. आता हेच चित्र दोनशे किलोमीटर खाली न्या. तिथला दाब आपल्या वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ६५ हजार पट असतो. इतक्या दाबाखाली दोन पृष्ठे एकमेकांवर कोरडी घसरायची, तर त्यासाठी लागणारा ताण इतका प्रचंड आहे, की त्या पातळीला पोहोचण्याच्या कितीतरी आधी तप्त खडक संथपणे वाहू लागेल आणि ताण विरून जाईल. म्हणून खोल भूकंप व्हायचा, तर दोन गोष्टी लागतात. तिथला खडक आसपासच्या मानाने थंड असला पाहिजे, म्हणजे तो ताण धरून ठेवू शकेल. आणि त्या अवाढव्य घर्षणाला चुकवण्याची काहीतरी वाट असली पाहिजे.

थंड खडक इतक्या खोल आला कुठून, याचे उत्तर भूपट्टांच्या हालचालीत आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला आहे. हिमालयाखाली तो फारसा कलत नाही, पण हिंदुकुशखाली शिलावरणाचा, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा, एक तुकडा उत्तरेकडे वळून जवळजवळ सरळ उभा खाली गेलेला आहे. बोलण्याच्या सोयीसाठी आपण त्याला लादी म्हणू. खडक हा उष्णतेचा अतिशय मंद वाहक आहे, त्यामुळे कित्येक किलोमीटर जाडीची ही लादी गाभ्यापर्यंत तापायला लक्षावधी वर्षे लागतात. भोवतालचे प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा तप्त खडकाचा थर, १३०० अंश सेल्सिअसच्या वर असताना लादीचा गाभा त्याहून काही शे अंशांनी थंड राहतो. जगात जिथे जिथे खोल भूकंप होतात, तिथे अशी बुडालेली लादी सापडते, आणि जिथे लादी नाही तिथे ते होत नाहीत. ही लादी मूळ भारतीय भूखंडाच्या तळाची, की भारत आणि आशिया यांच्यामधल्या टेथिस महासागराच्या तळाचा उरलेला भाग, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. अलीकडे पहिल्या मताकडे कल अधिक दिसतो.

आता ही लादी तिथे नुसती उभी नाही, तर ती स्वतःच्या वजनाने खाली ओढली जात आहे. संक्रांतीला आपण चिक्कीचा पाक करतो, तेव्हा उलथन्यावरून ओघळणाऱ्या पाकाचा थेंब खाली जड होतो आणि वरची तार मधोमध बारीक होत जाते. हिंदुकुशखाली साधारण तेच घडत आहे. लादीचा खालचा भाग जड, वरचा भाग भूखंडाला जोडलेला, आणि मध्ये एक मान तयार झालेली. भूकंपलहरींच्या साहाय्याने काढलेल्या प्रावरणाच्या प्रतिमांमध्ये आणि भूकंपांच्या मांडणीमध्येही ती मान दिसते. दीडशे किलोमीटरच्या आसपास भूकंप विरळ आहेत, आणि १८० ते २४० किलोमीटरच्या दरम्यान ते दाटीवाटीने होतात. मोठे भूकंप याच दाट पट्ट्यातले आहेत.

इथे एक बाब मी विद्यार्थ्यांना नेहमी थांबून समजावत असे. हिंदुकुशच्या खोल भूकंपांची नोंद "व्युत्क्रम प्रस्तरभंग" अशी होते, म्हणजे भेगेच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढतो. हिमालयात अशी नोंद आली, तर तिचा अर्थ आडव्या दिशेने दाबले जाणे असा होतो, आणि म्हणून इथेही भारत आशियाला दाबतो आहे एवढेच घडते असा समज होतो. परंतु आडवे दाबले जाणे म्हणजेच उभ्या दिशेने ताणले जाणे, आणि इथली लादी उभीच आहे. म्हणजे ताण तिच्या लांबीच्या दिशेने आहे. ती चेपली जात नसून लांबवली जात आहे, आणि मानेपाशी हे लांबवणे सर्वांत वेगाने चालले आहे.

तो वेग किती, याची कल्पना मोठ्या भूकंपांच्या तारखांवरून येते. ३० डिसेंबर १९८३, ९ ऑगस्ट १९९३, ३ मार्च २००२ आणि २६ ऑक्टोबर २०१५ या दिवशी इथे ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे खोल भूकंप झाले, आणि त्यांच्या जागा एकमेकींपासून फार दूर नाहीत. भूपृष्ठाजवळच्या एखाद्या प्रस्तरभंगावर इतका मोठा भूकंप पुन्हा व्हायला सामान्यतः शतके जावी लागतात. इथे दहा-बारा वर्षांत ताण पुन्हा भरून येतो. यावरून वेळापत्रक मांडता येणार नाही, पण बाजूने येणाऱ्या भारताच्या रेट्याने एवढ्या भराभर ताण साचत नाही. बुडणाऱ्या लादीचे वजनच त्यामागे असले पाहिजे, असे मला या पुराव्यावरून ठामपणे वाटते.

राहिली घर्षण चुकवण्याची वाट. तीबद्दल सर्वांत जुने आणि अजूनही प्रबळ स्पष्टीकरण पाण्याचे आहे. सर्पेंटाइन या हिरवट खनिजाच्या वजनात सुमारे १३ टक्के पाणी त्याच्या स्फटिकरचनेतच बांधलेले असते. सहाशे-सातशे अंशांच्या आसपास ते खनिज मोडते आणि पाणी मोकळे होते. ते खडकाच्या बारीक सांध्यांत शिरून दोन्ही बाजूंना आतून रेटते, त्यामुळे पृष्ठांवरचा भार हलका होतो आणि ती घसरतात. रॅली आणि पॅटर्सन या संशोधकांनी १९६५ मध्ये प्रयोगशाळेत सर्पेंटाइन तापवून हा ठिसूळपणा दाखवला होता.


माळवद यांचे उत्तर:

नोएडाकर ताई, मी औसा तालुक्यातला आहे, व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे. १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी मी दहावीत होतो. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते आणि माणसे दमून झोपली होती. आपल्या सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावेसे वाटते, कारण तो प्रश्न त्यांनी सहज विचारलेला नाही.

किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता, आणि त्याची नाभी, म्हणजे खडक फुटायला सुरुवात झाली ती जागा, भूपृष्ठापासून दहा किलोमीटरांच्या आत होती. खडक फुटल्याची खूण शेतात उंचवट्याच्या आणि भेगेच्या रूपाने वर आलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली. २०१५ चा हिंदुकुशचा भूकंप ७.५ तीव्रतेचा होता, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने किल्लारीच्या जवळपास नव्वद पट. तरीही किल्लारीत हजारो माणसे गेली, आणि हिंदुकुशच्या त्या भूकंपात पाकिस्तान आणि अफगाणिस्तान मिळून सुमारे चारशे.

याचा हिशेब कागदावर करून पाहता येतो. नाभी दहा किलोमीटर खोल असेल, तर अगदी डोक्यावरचे गाव तिच्यापासून दहा किलोमीटरांवर असते आणि शंभर किलोमीटर दूरचे शहर शंभर किलोमीटरांवर. म्हणजे जवळच्या गावाला दहापट जवळून धक्का बसतो. नाभी दोनशे किलोमीटर खोल असेल, तर डोक्यावरचे गावसुद्धा दोनशे किलोमीटर दूर आणि शंभर किलोमीटर पलीकडचे शहर सुमारे २२४ किलोमीटर दूर. जवळ असे कोणीच राहत नाही. धक्का विस्तीर्ण प्रदेशावर थोडा थोडा वाटला जातो, आणि घरे जमीनदोस्त करणारी जी जलद, कडक कंपने असतात, ती वाटेतच बरीच विरतात.

अफगाणिस्तानातच याचा एक दाखला आहे, आणि तो मी कधी विसरत नाही. ३ मार्च २००२ चा खोल भूकंप ७.४ तीव्रतेचा होता. त्यात दीडशेच्या आसपास माणसे दगावली, तीही मुख्यतः दरड कोसळून. त्यानंतर बावीस दिवसांनी, २५ मार्चला, हिंदुकुशच्याच पायथ्याच्या नाहरिन गावाखाली ६.१ तीव्रतेचा उथळ भूकंप झाला, आणि त्यात एक हजाराच्या आसपास माणसे मेली. नाहरिनची मातीची घरे आणि आमच्याकडची माळवदाची घरे यांत मला फार फरक दिसत नाही. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, सांध्यांत चिखल, वर लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षे थर चढवत आणलेली माती. उन्हाळ्यात ते घर गार राहते, म्हणून लोक पावसाळ्याआधी त्यावर आणखी एक थर देत असत. आमच्या घराचे माळवद माझ्या आजोबांच्या हयातीतच एक वीतभर जाड झाले होते.


पाषाण यांचे उत्तर:

माझे काम भूकंपमापकांच्या नोंदी वाचण्याचे आहे, तेव्हा दोन गोष्टींची भर घालतो आणि एका बाबतीत प्रावरण सरांशी आदरपूर्वक असहमती नोंदवतो.

पहिली गोष्ट खोली कशी कळते याबद्दल. खोलवर भूकंप होतात ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ टर्नर यांनी १९२२ मध्ये मांडली तेव्हा ती बहुतेकांना पटली नाही, कारण नोएडाकर ताईंची जी शंका आहे तीच त्या वेळच्या जाणकारांचीही होती. १९२८ मध्ये जपानच्या कियो वादाती यांनी ती निर्विवाद केली. त्यांची युक्ती साधी होती. भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी निघतात; प्राथमिक लहर वेगवान असते आणि दुय्यम लहर मागून येते. नाभी जवळ असेल तर दोघींमधले अंतर एक-दोन सेकंदांचे असते. परंतु काही भूकंपांत वादातींना अपिकेंद्राच्या, म्हणजे नाभीच्या बरोबर वरच्या भूपृष्ठावरील जागेच्या, अगदी लगतच्या नोंदणी केंद्रांवरसुद्धा हे अंतर मोठे आढळले. आडव्या दिशेने दूर नसेल, तर नाभी खालच्या दिशेने दूर असली पाहिजे. आज आपण आणखी एक खूण वापरतो. नाभीतून काही लहरी थेट खाली निघून पृथ्वीच्या पोटातून दूरच्या केंद्रावर येतात, तर काही आधी वर जाऊन भूपृष्ठावर आपटून मग त्याच वाटेने येतात. दुसरीला जितका उशीर, तितकी नाभी खोल. दोनशे किलोमीटर खोलीसाठी हा उशीर पाऊण मिनिटाच्या आसपास असतो, आणि एकदा डोळा सरावला, की नोंदीच्या पट्टीवर तो ठळकपणे दिसतो.

ताई, आपण पातेल्यात पाहिले तेही हेच होते. नोएडा तिथून हजार किलोमीटरांहून थोडे अधिक दूर आहे. प्राथमिक लहर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने येते, दुय्यम लहर साडेचारच्या थोडी वर. म्हणजे पहिली सव्वादोन मिनिटांत पोहोचते आणि दुसरी चार मिनिटांत. मधले अंतर शंभर सेकंदांच्या घरात येते. दुधावरची बारीक थरथर ही प्राथमिक लहर होती आणि हेलकावे ही दुय्यम लहर होती. आपला दीड मिनिटाचा अंदाज जवळपास बरोबर आहे. हेलकावे संथ का होते, तर जलद कंपने वाटेत गळून गेली आणि संथ कंपने उरली. त्यांना आधी यमुनेच्या गाळाने मोठे केले आणि मग उंच इमारतीने, कारण उंच इमारतीची स्वतःची झुलण्याची गतीही संथच असते. आपल्याच सोसायटीत तळमजल्यावरच्या काही जणांना कदाचित काहीच जाणवले नसेल.

आता असहमतीचा मुद्दा. पाणी सुटल्यामुळे घर्षण घटते हे स्पष्टीकरण पन्नास-साठ किलोमीटर खोलीपर्यंत चांगले लागू पडते. त्याहून फार खोल गेल्यावर अडचण येते, कारण प्रचंड दाबाखाली सर्पेंटाइन मोडून जे घन पदार्थ आणि पाणी तयार होते, त्यांचे एकत्रित आकारमान मूळ खनिजापेक्षा कमी भरते. मग आतून रेटा द्यायचा कोणी? शिवाय लादी भूखंडाच्या तळाची असेल, तर समुद्राच्या तळाइतके पाणी तिच्यात आले कुठून, हाही प्रश्न उरतो. म्हणून हिंदुकुशच्या मोठ्या भूकंपांसाठी मला दुसरी यंत्रणा अधिक पटते. लादीची मान ताणली जाताना सगळे सरकणे एखाद्या पातळ पट्ट्यात एकवटते. सरकण्याने तिथे उष्णता निर्माण होते, आणि सरांनीच सांगितल्याप्रमाणे खडक मंद वाहक असल्यामुळे ती बाहेर पडू शकत नाही. पट्टा तापतो, तापल्याने मऊ होतो, मऊ झाल्याने अधिक वेगाने सरकतो आणि त्यामुळे आणखी तापतो. हे चक्र एका मर्यादेपलीकडे गेले, की सरकणे आवरत नाही, आणि काही सेकंदांत पट्ट्यातला खडक वितळण्यापर्यंत मजल जाते. मऊ वस्तू तुटणार कशी, या आपल्या शंकेचे उत्तर इथे मिळते: जो मऊपणा भूकंपाच्या आड येतो असे वाटते, तोच एका पातळ पट्ट्यात कोंडला गेला, की भूकंपाचे कारण होतो.

याला पूरक अशी एक खूण म्हणजे उत्तरधक्के. ७.५ तीव्रतेचा उथळ भूकंप झाला, तर पुढे आठवडेच्या आठवडे मोठे धक्के बसत राहतात. २०१५ च्या हिंदुकुशच्या भूकंपानंतर ते फारच थोडे आणि लहान होते. एकूण खोल भूकंपांचा हा स्वभावच आहे.

तिसरीही एक यंत्रणा आहे, पण ती इथे लागू होत नाही. चारशे किलोमीटरच्या पुढे ऑलिव्हीन हे खनिज अधिक दाट रूप घेते. थंड लादीत हे रूपांतर रखडते आणि मग अचानक घडून येते. ९ जून १९९४ चा बोलिव्हियाचा ८.२ तीव्रतेचा आणि २४ मे २०१३ चा ओखोट्स्क समुद्राखालचा ८.३ तीव्रतेचा, हे दोन्ही भूकंप सहाशे किलोमीटरांहून खोल झाले, आणि तिथे या रूपांतराचा हात असावा असे अनेकांचे मत आहे. ओखोट्स्कचा भूकंप मॉस्कोपर्यंत जाणवला होता. हिंदुकुशचे भूकंप तीनशे किलोमीटरांच्या अलीकडेच थांबतात.


प्रावरण यांचे उत्तर:

पाषाण यांचा आकारमानाचा मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो सांगायला हवा होता. माझे म्हणणे एवढेच, की दोन्ही यंत्रणांना एकमेकींच्या विरोधात उभे करण्याची गरज नाही. उष्णतेचे चक्र सुरू व्हायला आधी कुठेतरी सरकणे एकवटावे लागते, आणि ती सुरुवात व्हायला खडकात थोडेसे सर्पेंटाइन मोडले तरी पुरते. मोडलेल्या दाण्यांवरचा ताण शेजारच्या निरोगी खडकावर जातो आणि तो फुटतो. त्यासाठी पाण्याने आतून रेटा देण्याचीही आवश्यकता राहत नाही. ठिणगी एकीची आणि आग दुसरीची, असे मी म्हणेन. मात्र ७ च्या वरच्या भूकंपांत निघणारी बहुतेक ऊर्जा लादीच्या वजनातूनच येते, यात आम्हा दोघांचे दुमत नसावे.


नोएडाकर यांचे उत्तर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. दुधावरची थरथर आणि हेलकावे या दोन वेगळ्या लहरी होत्या, हे वाचून मी ते उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. माझा शेवटचा प्रश्न मात्र राहून गेला. हिंदुकुशमधल्या भूकंपांमुळे हिमालयातला ताण खरोखर कमी होतो का? आणि दिल्लीच्या किंवा महाराष्ट्राच्या खाली असे खोल भूकंप होऊ शकतात का?


प्रावरण यांचे उत्तर:

ताण कमी होत नाही. हिंदुकुशमध्ये मोकळी होणारी ऊर्जा बुडणाऱ्या लादीच्या मानेतली आहे, आणि हिमालयात साचणारा ताण भारतीय भूपट्ट आणि वरचे पर्वत यांच्यामधल्या, फारशा न कलणाऱ्या आणि अडकून बसलेल्या पृष्ठावरचा आहे. दोन्हींच्या मुळाशी भारताची उत्तरेकडची वाटचाल असली, तरी एका ठिकाणचा खर्च दुसऱ्या ठिकाणच्या खात्यातून वजा होत नाही. २०१५ या एकाच वर्षात दोन्हींची उदाहरणे पाहायला मिळाली. २५ एप्रिलला नेपाळमध्ये गोरखा येथे ७.८ तीव्रतेचा भूकंप सुमारे पंधरा किलोमीटर खोलीवर झाला आणि जवळपास नऊ हजार माणसे गेली. २६ ऑक्टोबरला हिंदुकुशमध्ये ७.५ तीव्रतेचा झाला. आपल्या सोसायटीत जे हिंदुकुशच्या धक्क्यानंतर निर्धास्त होतात, त्यांना कृपया हे सांगावे. काळजी हिमालयाखालच्या आणि खुद्द दिल्लीच्या परिसरातल्या उथळ भूकंपांची केली पाहिजे, आणि इमारत त्यासाठी बांधलेली आहे की नाही हे तपासले पाहिजे.

दिल्लीखाली किंवा महाराष्ट्राखाली बुडालेली लादी नाही, त्यामुळे तिथे खोल भूकंप होत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि त्यानंतर आजतागायत शिवाजीसागराच्या परिसरात होत आलेले हजारो लहानमोठे भूकंप, हे सगळे वरच्या दहा-बारा किलोमीटरांतले आहेत. नाभी इतकी जवळ असल्यामुळेच तिच्या आसपास खोल विवर खोदून अभ्यास करण्याचा प्रकल्प तिथे हाती घेता आला. भारताच्या सीमेलगत खोल भूकंपांचा आणखी एक प्रदेश आहे तो पूर्वेला, म्यानमारच्या पश्चिम भागाखाली; १३ एप्रिल २०१६ रोजी तिथे १३० किलोमीटरांहून अधिक खोलीवर झालेला ६.९ तीव्रतेचा भूकंप कोलकात्यापर्यंत जाणवला होता.


माळवद यांचे उत्तर:

पाषाण सरांना एक विचारायचे आहे. किल्लारीच्या पहाटे आमच्या गावात कोणालाही आधी बारीक थरथर जाणवल्याचे आठवत नाही. जमिनीखालून गडगडाट आला आणि त्याच क्षणी भिंत आली, असेच सगळे सांगतात. ती पहिली लहर आमच्याकडे आलीच नाही का?


पाषाण यांचे उत्तर:

ती आली होती. लोकांनी ऐकलेला गडगडाट बहुधा तीच होती, कारण प्राथमिक लहर जमिनीतून हवेत शिरली, की तिच्यातला जलद भाग कानाला आवाजासारखा ऐकू येतो. आपले गाव नाभीपासून वीस किलोमीटरांवर होते असे धरले, तर दुय्यम लहर तिच्यामागून अडीच सेकंदांत पोहोचली असेल, आणि किल्लारीच्या अगदी लगतच्या गावांत एका सेकंदाच्या आसपास. झोपलेल्या माणसाला तेवढ्या वेळात कूस बदलता येते, उठता येत नाही.